पाचवा रकाना

“आजी, डोन्ट टॉक टू एव्हरीवन, ओके?” नऊ वर्षांची माझी नात इरा गाडीच्या खिडकीशी वाकून मला बजावत होती. मी “बरं” म्हटलं. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई आठवडाभर अनोळखी माणसांशी न बोलता राहील, असं या पोरीला का वाटलं कोण जाणे.

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निट नावाची नवी वसाहत आहे. तिथे माझा मुलगा राहतो. ओळीने एकसारखी घरं आणि प्रत्येकापुढे एकेक काटकुळं झाड. महिन्याभरात मी दोनदा चुकून शेजाऱ्यांच्या दाराला किल्ली लावली. दुसऱ्या वेळी ती फिरेना म्हणून दारावर लाथही मारली. पंजाबी कुटुंब होतं, त्यांनी आत बोलावून चहा पाजला. त्यामुळे माझ्या सुनेला, प्राजक्ताला, शेपरटनच्या दवाखान्यात आठवडाभराची बदली ड्युटी मिळाली, तेव्हा मी आधी बॅग भरली आणि मग विचारलं, “मी येऊ का गं?” प्राजक्ता फिजिओथेरपिस्ट आहे.

“आई, मी सकाळी शिफ्टला गेले की एकदम आर्वोला (दुपार टळल्यावर) येणार. तुम्ही तिथे बोअर व्हाल.”

“मी इथे बोअर झालेय,” मी म्हटलं. तिने माझी बॅग डिकीत टाकली.

अडीच-तीन तासांचा रस्ता. पहिला तासभर दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत, मध्येच निलगिरीची झाडं आणि त्यांच्या सावलीत दाटीवाटीने उभ्या मेंढ्या. मग हळूहळू कालवे दिसायला लागले आणि कालव्यांच्या मागोमाग बागा आल्या, पेअरच्या, सफरचंदाच्या, पीचच्या. मी कराडजवळच्या कृष्णाकाठची. पाटाचं पाणी पाहिलं की मला परकं वाटत नाही. गावात शिरताच चौकात गाय दिसली. खरी नव्हे, फायबरची. अंगभर फुलं, पक्षी, नक्षी रंगवलेली. पुढच्या वळणावर दुसरी. बेंदराला आपल्याकडे बैल रंगवतात तशा या गायी गावभर उभ्या करून ठेवल्या आहेत. प्राजक्ताने गाडी थांबवून माझा फोटो काढला. त्यात मी गाईच्या शिंगाला धरून उभी आहे.

आम्ही एका लहानशा मोटेलात उतरलो. खोलीत छोटा ओटा होता. पहिल्याच संध्याकाळी मी वरणाला फोडणी दिली आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र जे किंचाळायला लागलं, ते थांबेचना. मोटेलचा मालक ग्लेन झाडू घेऊन धावत आला. साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा माणूस. झाडूच्या दांड्याने त्याने यंत्राचं बटण दाबलं, हवेचा वास घेतला आणि म्हणाला, “नो वरीज, लव्ह. पण हे आहे काय? वास भारी आहे.” या भागात कुणीही कुणाही बाईला ‘लव्ह’ म्हणतं. पहिल्यांदा मी दचकले होते, आता मी त्याला आपलं ‘मावशी’ समजते.

सकाळी वाटीभर वरण घेऊन मी त्याच्या ऑफिसात गेले. भिंतीवर सैनिकाच्या वेषातल्या तरुणाचा फोटो होता.

“तुमचा मुलगा?”

“हो. इराकला होता काही महिने.” त्याने फोटो किंचित सरळ केला. “एक गोळी झाडली नाही त्याने. रस्त्यावर पहारा द्यायचा, उन्हात उभं राहायचं, बस. ते लोक एकमेकांना मारत होते, लव्ह. शतकानुशतकं मारत आलेत. त्यात आमच्या पोरांचा काय दोष?”

मी दोषाचं काही विचारलंच नव्हतं.

“आता कसा आहे तो?”

“बरा आहे. फारसा बोलत नाही. कुठे फटाके वाजले की मागच्या शेडमध्ये जाऊन बसतो.” एवढं बोलून तो वरणाची वाटी पाहायला लागला.

त्या दिवशी मी एकटी गाव फिरायला निघाले. तिसऱ्या गाईपाशी मला ताज्या पावाचा वास आला आणि मी त्या वासाच्या मागे गेले. लहानसं दुकान, आत धगधगती भट्टी, आणि काउंटरवर पावांचा ढीग. आकार अगदी शंकरपाळ्याचा, फक्त पंजाएवढा मोठा. “समून,” भट्टीपुढचा माणूस म्हणाला. “बगदादचा पाव. आधी खाऊन बघा, आंटी.” पन्नाशीचा असेल, भुवयांना पीठ लागलेलं. दाराजवळच्या खुर्चीत काळ्या वस्त्रातली एक वृद्ध बाई बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण मी आले तशी तिची मान माझ्याकडे वळली.

पाव खाता खाता मी आपल्या सवयीने चौकशी सुरू केली. आपल्याकडे ओळख म्हणजे हीच. “तुमचं नाव?”

“सलाम.”

“पूर्ण नाव? वडिलांचं? आडनाव?”

त्याचे हात थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं. मग हसला, पण ते हसू उशिरा आलं. “आंटी, तुम्ही इमिग्रेशनच्या का?”

मी ओशाळले. शिक्षिका होते म्हणून सांगितलं. आमच्याकडे शिक्षकाला वर्गाबाहेरचीही शंभर कामं असतात, मतदारयाद्या, जनगणना, कसले कसले सर्व्हे, दारोदार फिरून नावं लिहायची, त्यामुळे ही जीभ अशी झाली आहे, असं माझ्या पाचवीच्या पुस्तकातल्या इंग्रजीत समजावलं.

‘शिक्षिका’ म्हटल्यावर त्याने आईकडे वळून अरबीत काहीतरी सांगितलं. म्हातारीने हात पुढे करून माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मी तिला काय म्हणू, असं विचारलं. “सगळे उम् नबील (नबीलची आई) म्हणतात,” सलाम म्हणाला. “आमच्यात आईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. नबील माझा भाऊ. शाळेत गणित शिकवायचा.”

‘शिकवायचा’ हे मी ऐकलं आणि पुढचं विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, पाव भट्टीत सरकवता सरकवता. परकीय फौज शहरात येऊन बरेच दिवस झाले होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा रणगाडा उभा असायचा. एका दुपारपासून पोलिसांच्या गणवेशातली माणसं यायला लागली, तोंडं झाकलेली. त्यांच्या हातात कागद होता. घर क्रमांक बघायचे, नाव विचारायचे, कागदाशी ताडायचे. ज्यांचा पंथ नको तो होता, त्यांना गाडीत घालायचे. नबीलला नेलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं.

“आणि रणगाडा?” मी विचारलं.

“तिथेच होता. त्यातला सैनिक बघत होता. वीसेक वर्षांचा असेल.” सलामने भट्टीचं दार लावलं. “आधी आम्हाला माहीत नव्हतं का, कोण कुठल्या पंथाचं? माहीत होतं. माझी मामी दुसऱ्या पंथाची. पण ते कागदावर नव्हतं.”

“मग दोष कोणाचा?” बाईची जात माझी, विचारल्याशिवाय राहवतंय कुठे.

“मारणाऱ्यांचे चेहरे झाकलेले होते. रणगाडेवाले आपल्या देशी गेले. राहिला तो, ज्याने यादी लिहिली.”

“तो कोण?”

“चहा घ्या,” सलाम म्हणाला.

चहा काळा होता, वेलदोडा घातलेला, काचेच्या इवल्याशा कमरेच्या पेल्यात. म्हातारी मध्येच काही बोलली आणि सलामने ते मला सांगावं की नाही याचा विचार केला. “आई म्हणते, मरण्याआधी मला एकच विचारायचं आहे, आणि विचारायला माणूस नाही.” निघताना त्याने परवा यायला सांगितलं. तो नबील गेल्याचा दिवस होता. त्या दिवशी ते येईल त्याला पाव वाटतात.

दुकानासमोर रस्त्यापलीकडे एक छोटी बाग आहे. बाकावर निळी टोपी घातलेला एक माणूस बसला होता. आत जातानाही तो मला तिथेच दिसला होता.

त्या दिवशी मी अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून गेले. दुकानात गर्दी होती. इराकी, अफगाणी, दोन-तीन गोरे म्हातारे, एक शाळेतली मुलगी. उम् नबील स्वतः पिशव्या देत होती, हाताने चाचपून, प्रत्येकीत सहा समून. घेणारा फातिहाची प्रार्थना म्हणायचा, ज्याला ती येत नाही तो आपल्या देवाला सांगायचा, नबीलचं नाव घ्यायचं एवढंच. मी मनात रामरक्षेच्या चार ओळी म्हटल्या, त्याचं नाव घेतलं आणि बाहेर आले.

आता मी जे केलं ते कुणाही मराठी बाईने केलं असतं. देवाच्या, नाहीतर गेलेल्या माणसाच्या नावाने मिळालेलं अन्न मी एकटी गिळून टाकू? वाटल्याशिवाय ते आपल्या घशाखाली उतरत नाही. समोर तो निळ्या टोपीवाला बाकावर होताच. बिचारा, रांगेत उभं राहायला संकोचत असेल, असं वाटलं. मी रस्ता ओलांडला आणि एक समून त्याच्यापुढे धरला.

“घ्या. नबीलच्या नावाने आहे. नाही म्हणायचं नाही.”

तो इतका गडबडून उठला की टोपी खाली पडली. पांढरे झालेले केस, थकलेला चेहरा. त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पाव घेतला, पण खाल्ला नाही.

“तिने पाठवला?” त्याने विचारलं. इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

“तिने स्वतःच्या हाताने दिला,” मी सांगितलं. यात खोटं काही नव्हतं. पिशवी तिनेच दिली होती.

तो खाली बसला आणि रडायला लागला. मला काहीच कळेना. मी शेजारी बसले. वर्गात रडणाऱ्या पोराच्या पाठीवर ठेवते तसा त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो बोलला. नाव बस्साम, त्याच गल्लीतला. इंग्रजी येत होतं म्हणून परकीय फौजेने त्याला दुभाष्या म्हणून घेतलं. एके दिवशी तरुण अधिकाऱ्याने एक कोरा तक्ता दिला. सभ्य मुलगा होता, दर वाक्यात प्लीज म्हणायचा. सुरक्षेसाठी आणि रेशनसाठी गल्लीची यादी हवी होती. पाच रकाने होते. घर क्रमांक, नाव, वय, व्यवसाय आणि पाचवा, पंथ.

“मी दारोदार गेलो. त्यांनी मला चहा दिला. मी सगळे रकाने भरले. माझ्या घराचेसुद्धा. पुढे फौजेने ती यादी नव्या पोलिसांना दिली, आणि त्या पोलिसांत कोण भरलं होतं ते...” त्याने वाक्य सोडून दिलं. “चार वर्षं झाली या गावात येऊन. दरवर्षी या आठवड्यात इथे बसतो. सलामला माहीत आहे, त्याने आईला सांगितलेलं नाही. आज तिने बोलावलं.”

तिने बोलावलं नव्हतं. मी आगाऊपणा केला होता. तसं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तो पाव ओंजळीत धरून रस्ता ओलांडत होता. मी मागून धावले. साडी नसती तर कदाचित गाठलं असतं.

सलामने त्याला दारात पाहिलं आणि भट्टीचं लांब दांड्याचं लाकडी फावडं आडवं धरलं. “बाहेर हो,” एवढंच म्हणाला. ते अरबी असूनही मला कळलं. रांगेतली माणसं बाजूला झाली. म्हातारीने विचारलं, कोण आहे. बस्सामने ‘अस्सलाम अलैकुम’ म्हटलं आणि तो आवाज ऐकून ती खुर्चीत ताठ झाली.

“विदादचा बस्साम?” त्याच्या आईचं नाव घेऊन तिने ओळखलं.

पुढचं मला समजलं, कारण बस्साम प्रत्येक वाक्य आधी अरबीत बोलायचा आणि मग तेच इंग्रजीत. त्या दुकानात माझ्यासाठी कोणी भाषांतर करावं अशी वेळ नव्हती. पण आयुष्याचा एवढा काळ दोघांच्या मध्ये उभं राहून काढलेल्या माणसाला ते थांबवता येत नसावं. कुणाकडेही न बघता तो सांगत होता.

“ती विचारते, यादी तू लिहिलीस का. मी म्हणतो, मी लिहिली.

“ती विचारते, त्या यादीचं काय होणार ते तुला माहीत होतं का. मी म्हणतो, लिहिताना माहीत नव्हतं.” तो थांबला. “मी म्हणतो, पहिल्या दोन घरांतली माणसं नेली तेव्हा कळलं. यादीची नक्कल माझ्याकडे होती. पुढे कोण, ते मला दिसत होतं. नबीलच्या दारापर्यंत यायला त्यांना तीन दिवस लागले. मी कुणाचंही दार वाजवलं नाही. मी माझ्या आईला घेऊन सीमेकडे गेलो.”

हे सलामलाही माहीत नव्हतं. फावड्याचं टोक हळूहळू जमिनीला टेकलं.

म्हातारीने हातातली पिशवी बाजूला ठेवली. मग बोलायला लागली, आणि बस्साम आपल्याबद्दलचं तिचं बोलणं शब्दन्‌शब्द आम्हाला सांगत राहिला. “ती म्हणते, कागद एकाने मागितला. तू लिहिलास. दुसऱ्याने पुढे दिला. तिसऱ्याने वाचून मारलं. चौथा रणगाड्यावरून बघत होता. सगळे आपापल्या घरी गेले, पत्ता कुणी ठेवला नाही. सापडलास तू एकटा. मग सगळ्यांचं मिळून तुझ्या डोक्यावर घालू, की तू तरी सापडलास म्हणून तुला सोडू? ती म्हणते, मला माहीत नाही. ती म्हणते, माफी माझ्याकडे नाही, ती नबीलची आहे.”

त्यानंतर ती जे बोलली, ते त्याला इंग्रजीत सांगताच आलं नाही. तो नुसता ओठ हलवत राहिला. शेवटी सलामने मला सांगितलं. “आई म्हणते, यादी पाठ आहे ना तुला? मग म्हण. पहिल्या घरापासून. पंथ सोड, नावं घे.”

आणि त्याने म्हटली. एकेक घर, एकेक नाव, न अडखळता. म्हातारी प्रत्येक नावाला उत्तर देत होती. हजेरी घेताना वर्ग देतो तसं, आणि सलाम ते मला हळूच सांगत होता. कोणी जॉर्डनला आहे, कोणी जर्मनीत, कोणी त्याच गल्लीत. आणि कितीदा तरी, नाही. ती “नाही” म्हणाली की सलाम एक समून वेगळा काढून काउंटरवर ठेवायचा. एकोणिसाव्या घराशी बस्साम थांबला. तिनेही घाई केली नाही. मग त्याने “नबील” म्हटलं आणि तिने काउंटर चाचपून तो पाव स्वतःच्या हाताने ठेवला. एकेचाळीस घरं झाली तेव्हा पुढच्या पावांना जागा उरली नव्हती. तिने बस्सामला माफ केलं नाही आणि ‘खाली बस’ असंही म्हटलं नाही. पण ते पाव वाटायची पिशवी तिने त्याच्या हातात दिली. मी साडीच्या पदराने तोंड झाकून रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

सलामची मी माफी मागितली. तो म्हणाला, “आंटी, चार वर्षं मी तिच्यापासून लपवत होतो. मला वाटायचं, तिला कळलं तर ती मरेल.” आत म्हातारी चहा मागत होती.

मोटेलवर परतल्यावर मी ग्लेनला एक समून दिला. कोणाच्या नावाने, ते सांगितलं. कोण हा, त्याने विचारलं. बगदादचा गणिताचा मास्तर, मी म्हटलं. त्याने भिंतीवरच्या फोटोकडे एकदा पाहिलं, पावाचे दोन तुकडे केले आणि एक घेऊन मागच्या शेडकडे गेला.

शनिवारी आम्ही टार्निटला परतलो. वाटेत मी प्राजक्ताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, पण मग ते नबील आणि बस्साम कोण होते? म्हणजे शिया कोण आणि सुन्नी कोण?” ती सहज विचारत होती. वाचणाऱ्यालाही तेच विचारावंसं वाटत असेल. मला ते माहीत आहे, आणि इथे मी ते मुद्दामच लिहिलेलं नाही.

परतल्यापासून मला एक बाई आठवते. कुठल्याशा सर्व्हेच्या वेळची, आमच्या गावाबाहेरच्या वस्तीतली. उन्हाचं मी शेवटचं घर उरकत होते. तिने मला माठातलं पाणी दिलं, सगळं सांगितलं आणि पाचव्या की सहाव्या रकान्याशी, जात म्हटल्यावर, पदर सावरून विचारलं, “बाई, ह्ये कशाला लागतंय?” मी म्हटलं, “वरून आलंय.” ती गप्प झाली, म्हणून मग मी तिच्या आडनावावरून अंदाजाने लिहून टाकलं आणि जेवायला घरी गेले. तो कागद पुढे कुणाच्या हातात गेला, मी कधी विचारलं नाही. काही वाईट झालं नसेलही. झालं असतं तरी मला कळलं नसतं.

बस्सामला एकेचाळीस घरं तोंडपाठ होती. मला त्या बाईचं नाव आठवत नाही. रकान्यात काय लिहिलं, ते मात्र आठवतं.